हॉस्टेलच्या फॉर्ममधला लोकल गार्डियनचा रकाना

आमच्या गावाकडच्या दोन-तीन पोरींची यावर्षी सीईटी झालीय आणि त्यांच्या आयांचे मला फोन सुरू झालेत, "तू खारघरला असतीस न्हवं, हॉस्टेलचं काय असतंय तिकडं?" प्रत्येकीला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी ढेबेवाडी खोऱ्यातली, तालुका पाटण, जिल्हा सातारा. २०२४ ला नवी मुंबईतल्या खारघरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजला आले आणि तेव्हापासून कॉलेजच्याच हॉस्टेलला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथंच राहायचंय आणि रेक्टर मॅडमना मराठी चांगलं वाचता येतं.

तर पहिली गोष्ट, जी कॅप राउंडच्या (ऑनलाईन प्रवेशाच्या फेऱ्यांच्या) गडबडीत कुणी सांगतच नाही. कॉलेज मिळालं म्हणजे हॉस्टेल मिळालं असं नसतं. सीट देतो राज्याचा सीईटी सेल, हॉस्टेल देतं कॉलेज, आणि या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये तुम्ही कॉलेजं टाकता, ब्रांच टाकता, हॉस्टेल पाहिजे की नको हे तिथं कोणी विचारत नाही. आणि पहिल्याच राउंडला पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की सीट ऑटो फ्रीज, म्हणजे आपोआप पक्की, पुढच्या राउंडला जायचं नाही, मग "हॉस्टेल नाय मिळालं म्हणून दुसरं कॉलेज घेते" असं म्हणायची सोय राहत नाही. म्हणून फोन करायचा तो ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी. कॉलेजच्या ऑफिसला नाही, थेट हॉस्टेलच्या ऑफिसला. मुलींच्या जागा किती, त्यातल्या फर्स्ट इयरला किती, आणि फॉर्म कधीपासून, एवढं विचारायचं. कॉलेजच्या वेबसाईटवर "हॉस्टेल उपलब्ध" लिहिलेलं असतं, ते किती जणींना उपलब्ध ते लिहिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट पैशाची. आमच्या गावात सगळ्यांनी पप्पांना सांगून ठेवलेलं की पोरींना आता सगळं फुकट केलंय सरकारने. तर झालंय असं की २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुली, ज्यांच्या घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत आहे आणि ज्यांचा प्रवेश कॅपमधून झालाय, त्यांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही फार मोठी गोष्ट आहे, माझ्या मोठ्या बहिणीच्या वेळी नव्हती, तिची अर्धी फी पप्पांनी म्हैस विकून भरली. पण त्यात हॉस्टेल नाही, मेस नाही, डिपॉझिट नाही. हॉस्टेल आणि मेस मिळून आमच्याकडं वर्षाला लाखाच्या आतबाहेर जातात आणि पहिल्या हप्त्याचे पैसे जागा मिळाल्यावर दोन-तीन दिवसांत भरायचे असतात. हॉस्टेलच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत, त्या माहीत करून घ्या. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या पोरांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच फॉर्म असतो, त्याला अल्पभूधारकाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवायचा. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलामुलींना सरकारी वसतिगृहात जागा नाही मिळाली तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आमच्या वर्गातली एकजण त्यावरच पीजीत राहते, नवी मुंबईत राहणाऱ्यांना वर्षाचे ६० हजार, त्यात जेवणाचे ३२, राहण्याचे २० आणि वरखर्चाचे ८. आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. यातली आपल्याला कुठली लागू आहे ते बारावीच्या सुट्टीतच बघून ठेवा, कारण दाखले काढायला तहसीलच्या चकरा असतात आणि ॲडमिशनच्या वेळी तुम्ही खारघरला असता आणि तहसील पाटणला असतं.

आता जागा कशा वाटतात ते. आमच्याकडं अंतरावर वाटतात. फॉर्म भरलेल्यांची यादी लावतात, लांबच्या जिल्ह्यातल्या मुली आधी, मग मार्क. सातारा, लातूर, जळगाव, रत्नागिरी असं असलं की बऱ्यापैकी नंबर लागतो. ठाणे जिल्ह्यातला पत्ता असला की विषयच संपला. आमच्याबरोबर लायनीत एक कसाऱ्याची मुलगी होती, तिचे वडील क्लार्कला सांगत होते की साहेब कसारा ते ठाणे, ठाण्यात गाडी बदलून ट्रान्स हार्बर, मग खारघर, उतरून परत रिक्षा, पोरगी जाणार कधी येणार कधी. क्लार्क म्हणाले जिल्हा ठाणे आहे काका, सॉफ्टवेअर घेतच नाही. ती मुलगी आता सेक्टर बाराला फ्लॅटमध्ये पाच जणींबरोबर राहते, कॉट बेसिसवर, म्हणजे भाडं एका कॉटचं. हे पीजीचं पण सांगते एका वाक्यात, ब्रोकर, डिपॉझिट, सोसायटीचे बॅचलर लोकांसाठीचे नियम, गॅस आणि मावशीचे वेगळे पैसे, हे सगळं धरलं तर ते हॉस्टेलपेक्षा स्वस्त पडत नाही, फक्त रात्री दार उघडं असतं.

हॉस्टेलच्या फॉर्मची पहिली दोन पानं सोपी आहेत. फोटो, ब्लड ग्रुप, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट, पप्पांचं हमीपत्र, रॅगिंग करणार नाही याचं ऑनलाईन अंडरटेकिंग जे यूजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे मुलीने आणि पालकांनी दोघांनी दरवर्षी भरायचं असतं. (त्यातच हेल्पलाईनचा नंबर असतो, १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू असते, तो मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. मला कधी लागला नाही, पण असावा.) तिसऱ्या पानावर लोकल गार्डियन. सगळे त्याला एलजी म्हणतात. नाव, नातं, घरचा पत्ता, दोन मोबाईल नंबर, फोटो, आधारची झेरॉक्स आणि सही रेक्टरच्या समोर. खाली ठळक अक्षरात, एलजी मुंबई, ठाणे किंवा नवी मुंबईत राहणाराच पाहिजे.

कारण कळतं. रात्री दोनला एखादीच्या पोटात दुखायला लागलं तर पप्पांना ढेबेवाडीहून यायला सहा-सात तास लागणार, तोवर हॉस्पिटलात सही कोण करणार. ते बरोबरच आहे. पण लातूरच्या, नांदेडच्या कितीतरी मुलींचं मुंबईत खरंच कोणी नसतं, मग वडिलांच्या मित्राच्या ऑफिसातला माणूस, बहिणीच्या मैत्रिणीचा नवरा असले लोक एलजी म्हणून उभे राहतात आणि सही करून जे जातात ते परत दिसत नाहीत. माझी रूममेट जी लातूरची आहे (हॉस्टेलला नावं चालत नाहीत, गावं चालतात, मी "पाटण", ती "लातूर", तिसरी "चिपळूण") ती तिच्या एलजीला एकदाच भेटलीय.

आमची तशी अडचण नव्हती असं आम्हाला वाटत होतं. आमच्या खोऱ्यातल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी नवी मुंबईत माथाडी आहे. अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्यातले, १९६९ चा माथाडी कायदा त्यांच्या लढ्यातून झाला, आणि घाऊक बाजार मुंबईच्या मस्जिद बंदरहून इकडं आला तशी आमची माणसं पण इकडं आली, कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे. पप्पांचे चुलतभाऊ कांदा-बटाटा मार्केटला आहेत, राहायला घणसोलीला सिम्प्लेक्सला. पप्पांनी फोन केला, काका म्हणाले, "येतो की, त्यात काय ईचारायचं."

काका मार्केटातनं थेट आले. पांढरा शर्ट, आत बनियन घामाने चिकटलेलं, आणि खिशाच्या शिवणीत कांद्याचं एक पातळ लाल साल अडकलेलं, ते मला पूर्ण वेळ दिसत होतं आणि काढावं की नको कळत नव्हतं. रेक्टर मॅडमनी आधार हातात घेतलं, उलटं केलं, पत्ता वाचला आणि माझ्या आधारशेजारी ठेवलं. दोन्हीवर एकच पोस्ट, एकच तालुका.

"हे तर दोघंही साताऱ्याचे. यात लोकल कोण?"

"मॅडम, तीस वर्सं झाली घणसोलीत," काका म्हणाले. "पर आधार गावचंच हाय. रेशन कार्ड बी गावचंच. मतदान बी आमी गावालाच करतो."

हे काही काकांचंच नाही, आमच्याकडच्या निम्म्या माणसांचं असंच आहे. इथं आयुष्य जातं आणि कागदं गावाला. लाईट बिल दाखवावं म्हणलं तर खोली घेतली तेव्हापासून ते आधीच्या मालकाच्याच नावावर येतंय. माथाडी बोर्डाचं कार्ड काढलं, त्यावर फोटो, नंबर, सगळं आहे, मॅडम म्हणाल्या हे कामाचं ओळखपत्र झालं, मला राहत्या घराचा पुरावा पाहिजे. आवाज चढवला नाही त्यांनी, पण फॉर्म बाजूला सरकवला आणि पुढच्या मुलीला बोलावलं. मुदत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. पप्पा बाहेर येऊन जिन्यात बसले.

काकांनी तिथंच घरी फोन लावला, स्पीकरवर. "तुझं आधार कुठलं गं?"

पलीकडनं काकी, "कुठलं म्हंजे? हितलंच की. बचत गटाचं खातं काढताना बदललं न्हवं का. तुमाला म्हणलं हुतं तुमचं बी करा, तुमी ऐकताय व्हय कुणाचं."

तर अशी माझी एलजी घणसोलीची काकी झाली.

दुसऱ्या दिवशी काकी एकट्याच आल्या, काका कामावर. घणसोलीहून पनवेल गाडी पकडून बेलापूर, तिथनं मेट्रो. बेलापूर ते पेंढर मेट्रो २०२३ च्या नोव्हेंबरला सुरू झाली, खारघरच्या रेल्वे स्टेशनला ती येत नाही, पण सेंट्रल पार्ककडच्या सेक्टरांना सोयीची आहे, रिक्षाचे पैसे वाचतात. काकींची ती पहिली मेट्रो. आल्या आल्या म्हणाल्या, "लय गार हाय गं आत, आनि मानसंच न्हाईत." नेसून आलेल्या हिरवी काठाची साडी, जी त्या कार्यालाच काढतात हे मला माहीत आहे.

मला वाटलं सही करतील आणि निघतील. काकींनी तिसरं पान बोट ठेवून वाचलं, सगळं. मग पहिलं पान मागितलं. मग रेक्टर मॅडमना विचारायला सुरुवात केली, गेट किती वाजता बंद होतं, रात्रीला वॉचमन असतो का बाई असते, आजारी पडली तर आधी फोन कुणाला, गरम पाणी किती वाजेपर्यंत, टेरेसला कुलूप असतं का. रेक्टर मॅडमनी तोंडी परीक्षेला बसल्यासारखी एकेक उत्तरं दिली. मागं लाईन वाढत चालली होती. शेवटी "विद्यार्थिनीच्या वर्तनाची जबाबदारी मी स्वीकारते" या ओळीवर काकी थांबल्या आणि माझ्याकडं बघितलं. चांगलं निवांत बघितलं. मग सही केली, पूर्ण नाव, सावकाश.

रूम मिळाली दुसऱ्या मजल्यावर, तिघींची. ताबा देताना एक यादी देतात, कॉट, गादी, टेबल, खुर्ची, कपाट, पंखा, ट्यूब, खिडकीची जाळी, समोर "ठीक" असं आधीच छापलेलं असतं आणि खाली सही मागतात. तिथं सही करायच्या आधी मोबाईलवर व्हिडिओ काढा, कपाटाच्या आतला पण. चिपळूणने काढला होता. आमच्या कपाटाची एक बिजागरी आधीच तुटलेली होती आणि वर्षाच्या शेवटी त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापायला निघाले तेव्हा तिने व्हिडिओ दाखवला आणि विषय मिटला. शेजारच्या रूमने व्हिडिओ नव्हता काढला, त्यांचे कापले.

न्यायचं काय ते पण सांगते, कारण आया गादीपासून पाटा-वरवंट्यापर्यंत सगळं बांधून देतात. बादली-मग इथंच घ्या. कुलूप स्वतःचं, दोन किल्ल्यांचं. एक्स्टेंशन बोर्ड लागतोच, प्लग एकच असतो आणि तो दाराजवळ. किटली, इंडक्शन, इस्त्री यातलं काहीही चेकिंगला सापडलं की जप्त आणि वर दंड, तरी प्रत्येक मजल्यावर एक किटली असतेच, कुठल्या रूममध्ये ते मी लिहिणार नाही. आणि पावसाळ्यासाठी जास्तीचे कपडे. आपल्याकडं पण पाऊस असतो, ढेबेवाडीला काय कमी असतो, पण इथं डोंगर अगदी पाठीशी आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये हॉस्टेलच्या कॉरिडॉरला कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, जीन्सला वास यायला लागतो, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. खिडकीतनं पांडवकडा धबधब्याच्या बाजूचे ओहोळ पांढरे दिसतात, फार भारी दिसतात. तिकडं पावसाळ्यात जायला दरवर्षी बंदी असते आणि दरवर्षी कुठल्यातरी कॉलेजची पोरं जातातच. बघायचं ते खिडकीतनं बघा.

मेसबद्दल फार लिहीत नाही, सगळ्या मेस सारख्याच. पोळी जाड, भाजी पिवळी, रविवारी दुपारी फीस्ट, बुधवारी रात्री इडली का असते ते कुणालाच माहीत नाही. भाकरी नाही. मी पहिल्या महिन्यात भाकरीसाठी खरंच रडले, लातूर पण रडली, तिची ज्वारीची आणि माझी पण ज्वारीची, चिपळूण आम्हाला हसायची आणि तांदळाच्या भाकरीचं कौतुक सांगायची. कामाची गोष्ट एवढीच की मेसचे पैसे सेमिस्टरचे एकदम घेतात आणि सलग काही दिवस घरी जाणार असाल तर आधी लेखी अर्ज दिला तरच मेस कट मिळतो. गणपतीला सगळे अर्ज न देता पळतात. अर्ज द्या.

आता गेटचं. मुलींना साडेआठ, मुलांना साडेदहा. एकच कॉलेज, एकच फी, मध्ये एक भिंत. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांमध्ये, जे लैंगिक छळ रोखण्यासंबंधीचे आहेत, सरळ लिहिलंय की मुलींच्या सुरक्षिततेचं कारण देऊन हॉस्टेलमध्ये मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. चिपळूणने त्याची प्रिंट काढून रेक्टर मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडम म्हणाल्या, "वाचलंय मी. वर पाठवते." सेकंड इयरला आमची वेळ साडेनऊ झाली. मुलांची साडेदहाच आहे, म्हणजे एक तास राहिलाय, चिपळूण त्याच्या मागं आहे.

बाहेर रात्र काढायची असेल तर आउटपास. ॲपवर आपण तारीख आणि कारण टाकलं की पप्पांना आणि एलजीला दोघांना मेसेज जातो, दोघांनी होकार दिल्याशिवाय गेटवरचा कोड निघत नाही. बाकीच्या मुलींचे एलजी मेसेज बघतही नाहीत, नुसतं दाबतात. पप्पा पण लगेच दाबतात. काकी दाबत नाहीत. काकींचा फोन येतो.

फर्स्ट इयरला आमचं लोणावळ्याचं ठरलं, एक रात्र, सहा मुली. काकींचा फोन.

"लोनावळ्याला काय हाय?"

"काही नाही काकी, फिरायला."

"काय न्हाई तर जाती कशाला?"

मग कोण कोण आहे, पोरं आहेत का, राहणार कुठं, गाडी कुणाची. मी सगळं खरं सांगितलं, पोरं नव्हतीच. तरी होकार नाही. मी पप्पांना फोन केला, पप्पा म्हणाले, "सही त्यांनी केलीय बाळ, मी मधी कसा पडू." मला इतका राग आलेला की मी रात्री मेसला गेले नाही. सख्खी आई एवढं विचारत नाही आणि ज्यांना मी आयुष्यात चार लग्नांत भेटलेय त्या माझी सुट्टी अडवून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी काकींनी स्वतःच तोड काढली, म्हणाल्या तुझ्या त्या लातूरच्या पोरीच्या आईचा नंबर दे. दिला. त्या दोघी किती वेळ बोलल्या माहीत नाही, पण दुपारी होकार आला. तेव्हापासून दोघी रोज एकमेकींना गुड मॉर्निंगचे फोटो पाठवतात, एकदाही भेटलेल्या नाहीत. संक्रांतीला लातूरहून काकींच्या पत्त्यावर तिळगुळाचा डबा आला, आमच्या रूमवर आला नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरला मला ताप आला. खारघरला पावसाळा सरताना डेंग्यूची भीती असतेच, हॉस्टेलच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि नियमाप्रमाणे एलजीला फोन गेला. रात्रीचे साडेदहा वाजलेले. काकी आणि काका रिक्षा करून आले, घणसोलीहून खारघर रिक्षाला किती लागले असतील ते मी विचारलं आणि मला गप्प बसवलं. डेंग्यू नव्हता. पण मी आठवडाभर सिम्प्लेक्सला होते, एका खोलीत आम्ही पाच जण, काकांचा दिवस पहाटे सुरू होतो म्हणून नऊला दिवा बंद, आणि मी कॉटवर, बाकी सगळे खाली. ज्वारीची भाकरी, खर्डा नाही कारण ताप, नुसतं दूध-भाकरी. त्याच वेळी लातूरला पण ताप होता. तिच्या एलजीने फोन उचलला नाही, मग रेक्टर मॅडम स्वतः तिच्याबरोबर हॉस्पिटलला बसल्या रात्रभर. हे पण लिहायला पाहिजे, मॅडमबद्दल वर बरंच काय काय लिहिलंय.

पप्पांनी दिवाळीत काकांना पैसे द्यायचा प्रयत्न केला. काका म्हणाले, "त्यापरीस तांदूळ आन." आता दरवर्षी एक पोतं इंद्रायणी एसटीने कळंबोलीला उतरतं आणि मी ते घणसोलीला पोचवते.

हॉस्टेल दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं, हे पण कुणी सांगत नाही. मे महिन्यात रूम पूर्ण रिकामी करायची, नो ड्यूजवर (काही देणं बाकी नाही असा कागद) लायब्ररी, मेस आणि हॉस्टेल अशा सह्या, सामान स्टोअर रूममध्ये नाव लिहून ठेवता येतं पण गादीखालचं काही हरवलं तर जबाबदारी आपली. सेकंड इयरला परत फॉर्म, आणि आता अंतराबरोबर निकाल पण बघतात, विषय राहिलेले असले तर नंबर मागं. आणि एलजीचं पान दरवर्षी नवीन, सही परत समोर बसून. तेवढ्यासाठी काकी दरवर्षी मेट्रोने येतात, आता रेक्टर मॅडम त्यांना चहा मागवतात आणि दोघी गुडघ्यांबद्दल बोलतात. काकांनी अजून आधार बदललेलं नाही.

तर यावर्षीच्या पोरींसाठी. ज्यांचं नवी मुंबईत कोणी आहे त्यांनी त्यांचं आधार कुठलं आहे ते आत्ताच विचारा, गावचं असेल तर घरातल्या बाईचं विचारा, बचत गट, पोरांची शाळा, गॅस यापायी बायकांची कागदं बऱ्याचदा इथली झालेली असतात. पत्ता बदलायचाच असेल तर आधार केंद्रावर जाऊन आत्ता टाका, रिपोर्टिंगच्या आठवड्यात ते होत नाही. आणि असा माणूस बघा जो फोन उचलतो. मोठ्या हुद्द्यावरचा, मोठ्या सोसायटीतला शोधत बसू नका.

ज्यांचं कोणीच नाही अशी एक जण आहे, आमच्या शेजारच्या गावची, तिच्या आईने काकींबद्दल विचारलं. मी रेक्टर मॅडमना विचारून घेतलं, एका माणसाला दोन मुलींपर्यंत चालतं. मग काकींना फोन केला की अशी अशी मुलगी आहे, तुम्ही तिच्या पण एलजी व्हाल का. काकी म्हणाल्या, "व्हईन की. पर आधी तिला घणसोलीला घिऊन ये जेवायला. मी बघितल्याबगार सही करत नस्ती."